हरकत नाही

८ जानेवारी

चिरंजीवास,

आशीर्वाद मागच्या पत्रात लिहिले होते, तेच याही वेळी धर. दर वेळी नवे कुठून आणू.

तुझं पत्र पोचलं. वकिलातीच्या थैलीतून आलं, म्हणजे माझ्याआधी दोघातिघांनी वाचलेलं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलं की कडेला डिंक फुगतो. मी त्यावर इस्त्री फिरवून तो सपाट केला. हे पत्रही ते वाचतील. वाचू देत, तेवढंच त्यांच्या डोळ्यांना काम.

तू लिहितोस, आपल्या वकिलातीतल्या खोलीला खिडकी आहे पण ती उघडत नाही. आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर तिथले पोलीस धरून परदेशातल्या मोठ्या कोर्टाच्या हवाली करतील. डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून गेलास आणि दोन वर्षं हेच लिहितोस. डोळा बरा झाला असेल तर एकदा खिडकीतून काय दिसतं ते लिही. तुझी लेक विचारत होती.

परवा परराष्ट्र खात्याचा माणूस घरी आला होता. मी त्याला बगळा म्हणते. मान लांब, शर्ट पांढरा, आणि उभा असतो एकीकडे, डोळा दुसरीकडे. शर्टाच्या बाहीला इस्त्रीच्या दोन घड्या पडलेल्या. इतक्या मोठ्या खात्यात एकाला बाहीला इस्त्री करता येत नाही.

त्यानं दोन तास समजावलं. मला कळलं ते असं. आपलं सरकार आणि तू अडकलास तिथलं सरकार, दोघं टेबलाशी बसलेत. आपले म्हणतात, आमचा कुठलाही अधिकारी तुम्ही मोठ्या कोर्टाला द्यायचा नाही, असा करार करा. ते म्हणतात, करू, पण तुमचं बंदर आमच्या जहाजांना वापरू द्या. हे बंदराला हो म्हणाले. मग त्यांनी पुढचं काढलं. म्हणे नोकरीत आहेत त्यांना अभय देऊ, निवृत्तांना नाही. तू निवृत्त. म्हणून आपल्या लोकांनी कलमात 'आजी-माजी अधिकारी' असं घालायचा हट्ट धरला. मी बगळ्याला म्हटलं, बरं झालं, आजीलाही अभय मिळालं. तो हसला नाही. त्यांच्याकडे हसायला परवानगी लागत असेल.

माजीवर एक महिना गेला. शेवटी ते कबूल झाले, पण अट घालून. ज्यांचं माणूस नाहीसं झालं त्या घरच्यांनी आपल्या तोंडानं म्हणायला हवं की याला सोडायला आमची हरकत नाही. समोर दोन साक्षीदार, आणि यंत्रात आवाज भरून घ्यायचा. एका घरानं जरी हरकत घेतली तरी त्या अधिकाऱ्याचं नाव करारातून बाहेर. बाकीच्यांचं व्हायचं ते होईल.

तुझ्या नावावर तीन घरं आहेत. एका घरात आता कुणी उरलं नाही. दुसरं कधीच परदेशी गेलंय, त्यांनी तिकडून होकार पाठवला. कसा पाठवला ते मी विचारलं नाही, बगळ्यानं सांगितलं नाही.

तिसरं घर समोरचं.

आई


२२ जानेवारी

चिरंजीवास,

तू विचारतोस, समोरची काकू काय म्हणेल. तुला माहीत नसेल तर कुणाला माहीत असणार.

तुझी काकू होती तशीच आहे. रस्ता अजून तिला मशीनवालीच म्हणतो. ती शिवते, मी इस्त्री करते. शाळेचे गणवेश, इस्पितळाचे पडदे, हॉटेलाचे अभ्रे. तिच्या दारातून माझ्या शेडमध्ये गठ्ठा येतो आणि परत जातो, मधे रस्ता. तू छावणीवर साहेब होतास तेव्हाही येत होता, नंतरही येत राहिला. लोकांना वाटलं होतं आम्ही दोघी भांडू. भांडायला रिकामपण लागतं. शाळा काही आमच्यासाठी थांबत नाही.

तिचं बोलणंही तेच. सुई मोडली, हरकत नाही. कापड आखूड आलं, हरकत नाही. माप देऊन गेलेलं गिऱ्हाईक महिन्यानं जाड होऊन आलं, हरकत नाही. नवरा गेला तेव्हा डॉक्टर म्हणाला, आणायला उशीर केलात. तिच्या तोंडून तेच निघालं, आणि मग दोन दिवस ती तोंडावर हात ठेवून बसली होती. तिला तसं म्हणायचं नसतं. मशीनच्या पायडलसारखं आहे ते, पाय पडला की हलतं.

तिचा मुलगा, आपला तारवाला, तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायचा. तुला दादा, मला मावशी. पुढे विजेची कामं करायला लागला तेव्हा माझ्या शेडमध्ये दिवा त्यानंच बसवला. बटण उलटं बसवलं. वर केलं की अंधार, खाली केलं की उजेड. मी ओरडले तर म्हणतो, मावशी, सवय होईल. झाली. आता दुसऱ्याच्या घरी गेले की मी चुकते.

त्याला जुन्या लोकरगिरणीतल्या तुझ्या छावणीत नेलं ते अख्ख्या रस्त्यानं पाहिलं. मीही पाहिलं. तिसऱ्या दिवशी तू तिच्या दारात आलास. अंगावर मी इस्त्री केलेला गणवेश होता. लोकांना वाटतं असल्या कपड्यांवर डाग असतात. तुझ्या कपड्यांवर कधी नव्हते. कॉलर तेवढी मळायची.

तू म्हणालास, काकू, तो आमच्याकडे आलाच नाही.

ती म्हणाली, हरकत नाही.

तू वळलास आणि गेलास. तुला सुटल्यासारखं वाटलं असेल. मी शेडमधून पाहत होते. हातातल्या इस्त्रीत निखारे होते म्हणून तिकडेच लक्ष दिलं.

तेव्हा ती काय म्हणेल ते मला विचारू नकोस.

आई


७ फेब्रुवारी

चिरंजीवास,

झालं. तुझ्या बायकोनं तुला फोनवर सांगितलंच असेल, मी आपलं लिहून ठेवते.

काल सकाळी बगळा, तिकडच्या सरकारची एक बाई आणि एक दुभाष्या असे तिघं मशीनवालीकडे आले. साक्षीला दुभाष्या आणि शेजारीण म्हणून मी. मशीनवाली माझ्याशिवाय कुणाला दार उघडत नाही हे बगळ्यानं हेरलेलं होतं. मी तुझी कोण ते बाईला सांगितलं नव्हतं. बगळा म्हणाला, विचारलं तर सांगा. तिनं विचारलं नाही.

बाई चांगली वाटली. उंच, पायांत चपटे बूट, खोलीत शिरताना वाकली. बसायला जागा नव्हती, तर कापडाच्या गठ्ठ्यावर टेकली.

बगळ्यानं कागद वाचला. मशीनवालीनं हरकत नाही म्हटलं. यंत्रात आलंय. बटणांचा डबा सांडला तो मी भरला. काळी बटणं पलंगाखाली गेली होती, ती काढायला काठी घ्यावी लागली.

जाताना बगळा मला म्हणाला, अभिनंदन, आजी. मी म्हटलं, कसलं. तो म्हणाला, मुलगा घरी येणार. मी म्हटलं, बाहीची घडी उकला आधी, दोन दिसतात.

घरी आल्यावर तुझी बायको रडली. मी जेवले. भूक लागली होती.

आई


१९ फेब्रुवारी

चिरंजीवास,

हे पत्र थैलीत दिलेलं नाही. टपालानं टाकते आहे. उशिरा पोचेल, पण डिंक फुगलेला नसेल.

तुझी खोली रंगवली. तुझ्या बायकोनं स्वतः रंगवली, पिवळी. रंग तिच्या भावानं आणून दिला. गादी उन्हात टाकली, कापूस पिंजून घेतला. तुझी लेक विचारत होती, बाबा घोरतात का. म्हटलं, घोरतो, तू पाळण्यात होतीस तेव्हा त्या आवाजानं दचकून रडायचीस. तर म्हणते, मला ऐकायचंय. पोरीला बापाचं काहीच आठवत नाही, तर घोरणं तरी ऐकायचंय.

सह्या महिनाअखेरीस आहेत. त्यांची जहाजं बंदरात यायला लागलीसुद्धा. लग्नाआधी वऱ्हाड.

आता मागच्या पत्राचं. त्यात मी क्रम उलटा लिहिला. बटणं आधी सांडली.

बगळ्यानं कागद वाचला तो असा होता, की प्रस्तुत प्रकरणी उपरोक्त अधिकाऱ्यास अभय प्रदान करण्यास आपली काही हरकत आहे वा कसे. चार वेळा श्वास घेतला त्यानं. मशीनवाली मशीनवरच बसली होती, पाय पायडलवर, हात मांडीवर. ती काही बोलली नाही. नाही म्हणजे काहीच नाही. बगळा वाट बघत राहिला. यंत्र फिरत होतं.

बाईला अवघडल्यासारखं झालं असावं. ती गठ्ठ्यावरून सरकली आणि तिचं कोपर लागून फळीवरचा बटणांचा डबा खाली आला. सगळी खोली बटणांची झाली. बाई आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. दुभाष्या म्हणाला, बाई म्हणतात, माफ करा.

मशीनवाली म्हणाली, हरकत नाही.

बगळ्यानं यंत्र बंद केलं.

दुभाष्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. बाईला वाटलं असेल, मशीनवाली उत्तर देऊन मोकळी झाली. मी गुडघ्यावर बसले आणि बटणं वेचायला लागले. वेचताना मान खाली असते, ते बरं.

मशीनवालीला चार दिवसांनी कळलं. कापडाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, मन मोठं हो तुझं. ती म्हणाली, कशाचं. मग खात्याच्या हापिसात गेली. त्यांनी तिला यंत्र ऐकवलं. माफ करा, हरकत नाही. आवाज तिचाच, आपल्याच आवाजाशी काय भांडणार. ती म्हणाली, मी बटणांना म्हटलं. ते म्हणाले, मावशी, साक्षीदारांनी तसं सांगितलेलं नाही.

तिथून ती घरचा गठ्ठा उचलून माझ्या शेडमध्ये आली. मी गणवेशाच्या चुण्या घालत होते. ती दारातच थांबली. म्हणाली, "तू होतीस ना."

मी म्हटलं, "होते."

एवढंच. गठ्ठा ठेवून गेली. रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर होतं. जिभेनं मी कुणाला हार गेलेली नाही. पण ती गठ्ठा ठेवून गेली.

त्यातल्या एका सदऱ्याची कॉलर मी जाळली. इतक्या वर्षांत अशी जळली नव्हती. घेऊन गेले, म्हटलं, चुकलं माझं. ती कॉलरकडे बघत राहिली. काही म्हणाली नाही. ते दोन शब्द तिनं त्या दिवसापासून टाकलेत. काल तिची सुई मोडली, मला शेडमध्ये ऐकू आलं. मशीन थांबलं. मी वाट पाहिली. मग मशीन पुन्हा सुरू झालं.

तुझी बायको म्हणते, आपण काय केलं, तिचं ती बोलली. ती चूक म्हणत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. मीही दिवसातून दोनदा तसंच म्हणते. पोरीनं तुझ्या खोलीत एक उशी ठेवलीय, तिला अभ्रा मशीनवालीनंच शिवलेला आहे. हॉटेलाच्या कापडातून उरलेला.

ती उंच बाई सह्यांपर्यंत इथेच आहे. स्टेशनसमोरच्या हॉटेलात. त्या हॉटेलाचे अभ्रे माझ्याकडेच येतात म्हणून ठाऊक. उगाच लिहिलं.

आई


४ मार्च

चिरंजीवास,

तुला बातमी वकिलातीनं दिली असेल. ती माझ्याकडून कशी झाली ते माझ्याकडून घे.

सह्यांच्या आदल्या सकाळी मी हॉटेलाचे अभ्रे पोचवायला गेले. ते पोचवले. मग खाली जेवणघरात गेले. बाई नाश्ता करत होती, शेजारी दुभाष्या. मी म्हटलं, हिला सांग, आणि मी बोलते तसंच सांग, मधे तुझी अक्कल घालू नकोस. त्यानं आधी दाराकडे पाहिलं. तोही कुणाचा तरी नोकर. मी सांगितलं, डबा पडला, तू माफ करा म्हणालीस, ती तुझ्या माफीला हरकत नाही म्हणाली. कागदाला ती काहीच म्हणाली नव्हती.

दुभाष्यानं अर्धंच सांगितलं असावं, कारण बाई पुन्हा पुन्हा विचारत होती. शेवटी मी टेबलावरची साखरेची वाटी उचलली आणि उलटी केली. मग तिच्याकडे पाहून हात जोडले, आणि मग मशीनवालीसारखी मान हलवून म्हटलं, हरकत नाही. तिला कळलं. हॉटेलवाल्याला राग आला. त्याचा राग बरोबर होता.

बगळ्याला कुणीतरी फोन केला. तो धावत आला, शर्ट अर्धा बाहेर. मला बाजूला घेतलं आणि हळू म्हणाला, "आजी, तुम्हाला कळतंय का, तो तुमचा मुलगा आहे."

मी म्हटलं, "कळतंय. तो जन्माला आला तेव्हा मी तिथेच होते."

बाईनं दुभाष्याला विचारलं, हे काय बोलतात. त्यानं या वेळी पूर्ण सांगितलं. बाईनं हातातला चमचा खाली ठेवला. साक्षीदार आरोपीची आई आहे हे तिला आत्ता कळत होतं. ती बगळ्याशी जे बोलली ते मला समजलं नाही, पण बगळा पहिल्यांदाच दोन्ही पायांवर उभा होता.

त्यांनी यंत्र पुन्हा ऐकलं. 'माफ करा'च्या आधी खडखड आहे. बाई म्हणाली, आमच्या कचेरीत ज्यांनी ऐकलं त्यांना तो पाऊस वाटला होता.

दुपारी ती मशीनवालीकडे गेली. मला आत घेतलं नाही, ते योग्यच. पण दार उघडं होतं आणि रस्ता काही रुंद नाही. बाईनं कागद बाजूला ठेवला. दुभाष्याला म्हणाली, साधं विचार. त्यानं विचारलं, मावशी, त्याला सोडायला तुमची हरकत आहे का.

मशीनवाली म्हणाली, "आहे."

आवाज इतका बारीक होता की यंत्रात आला की नाही म्हणून पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा कुणी न विचारता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. बंदर त्यांना मिळालं. आजी-माजी सगळ्यांना अभय मिळालं, तुझं नाव सोडून. बगळा सांगून गेला की आता वकिलात तुला फार दिवस ठेवून घेणार नाही. करार टिकवायचा तर तुला फाटकाबाहेर सोडावं लागेल. इतकं सगळं त्यानं नम्रपणे सांगितलं. जाताना म्हणाला, आजी, मला तुमचं कळलंच नाही. मी म्हटलं, मलाही नाही कळलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तुझी बायको मला म्हणाली, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. बरोबर म्हणाली. मी खोटं पाडायला गेले नाही. लेकीला घेऊन ती भावाकडे गेली. पोरगी जाताना उशी घेऊन गेली. खोलीला रंगाचा वास अजून आहे. दार बंद केलं की जास्त येतो, म्हणून उघडं ठेवते.

तू विचारशील, तुला काय वाटलं. मला अजून काही वाटलेलं नाही. वाटेल तेव्हा कळवीन. हात चालतात, कोळसा पेटतो, दिव्याचं बटण खाली करते आणि उजेड पडतो.

संध्याकाळी मी गठ्ठा घेऊन समोर गेले. मशीनवालीनं विचारलं, आता त्याला धरतील का. मी म्हटलं, धरतील. ती माझ्याकडे पाहत राहिली. ते दोन शब्द तिच्या ओठांवर आले होते, मी पाहिले. तिनं ते आत घेतले. मग नवा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, बटणं बघून इस्त्री फिरव, या वेळची हलकी आहेत, वितळतात.

आशीर्वाद आधीचेच आहेत. ते परत घ्यायची रीत नाही, नाहीतर पाहिलं असतं.

मोठ्या कोर्टात तुला पुष्कळ विचारतील. तिथं वकील शिकवेल तसं बोल. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तुला ती चढावी लागणार. त्याआधी एक पत्र लिही. मला नको. तारवाला आला होता का, आणि आता कुठं आहे, एवढंच लिही. प्रस्तुत आणि उपरोक्त नको. तिला चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही, मोठं काढ.

समोरच्या घरी पाठव. पत्ता तुला माहीत आहे. दारात उभा राहिला होतास.

आई